खुलासा: ब्लूबेरीवरचा पांढरा थर प्लास्टिकचा नाही

परवा सोसायटीच्या ग्रुपवर मीच एक मेसेज ढकलला होता: क्रॉफर्ड मार्केटमधल्या ब्लूबेरीवरची पांढरी पावडर म्हणजे प्लास्टिकचं कोटिंग, आणल्या आणल्या गरम पाण्यात चोळून काढा. तो चुकीचा आहे. न तपासता पाठवला, माफ करा.

ती पांढरट झाक फळाचं स्वतःचं नैसर्गिक मेण आहे. नाशिकच्या बागेत वेलीवरच्या द्राक्षावर बोट फिरवा, तिथेही तीच पुसली जाते. तिच्यामुळे फळातलं पाणी कमी उडतं, म्हणून चोळून ठेवलेलं फळ उलट लवकर सुकतं.

खाण्यायोग्य कोटिंग ही निराळी गोष्ट, आणि ते असतं हे खरं. समुद्री शेवाळातलं अल्जिनेट किंवा कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढलेलं कायटोसान यांचा पातळ, बहुधा पारदर्शक थर देतात. फळ सावकाश सुकतं, कायटोसानने बुरशीही उशिरा धरते. फ्रीज मात्र तरीही लागतोच. (शाकाहारी मंडळींनी कायटोसानचा उगम विचारला तर तो प्रश्न रास्त आहे.)

स्ट्रॉबेरी असो वा ब्लूबेरी, खायच्या आधी साध्या वाहत्या पाण्याखाली धुवा. माझा जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.