कोरडं फडकं नकोच

"रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसली की रंग टिकतो" हे गाडीच्या निगेवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. उलट गाडीच्या रंगाची नासाडी त्याने होते. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40-50 मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. धुळीतले वाळूचे बारीक कण फडक्याखाली अडकतात आणि त्या थरावर घासत जातात. आमच्या सोसायटीतल्या काळ्या गाड्यांच्या बॉनेटवर तिरपं ऊन पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे लख्ख दिसतात. ओल्या फडक्याचंही तेच: एकाच बादलीत तेच मळकं फडकं पिळून रांगेतल्या सगळ्या गाड्या पुसल्या जातात, मग दुसरं काय होणार!

आधी पाइपने नाहीतर मगाने भरपूर पाणी सोडून माती सुटू द्या. मग कार शॅम्पू आणि मायक्रोफायबरचं मऊ फडकं, टपापासून खाली. फडकं खळबळायला वेगळी बादली हवीच. पॉलिशबद्दल एक महत्त्वाची गोष्ट लेखात राहून गेली आहे: घासून लावायचं पॉलिश ओरखडे बुजवत नाही, भोवतीचा थरच झिजवतं. त्यामुळे ते दर महिन्याला नको. वॅक्स, म्हणजे रंगावर बसणारा मेणासारखा संरक्षक लेप, मात्र दोन-तीन महिन्यांनी खुशाल लावा, सावलीत, पत्रा गार असताना.