गारगोटी म्हणजे मिरची नव्हे

मेहुण्याचा परवा फोन. "दाजी, तुमच्या ओळखीत कुणाचं कांडप मशीन भाड्यानं मिळेल का?" मसाल्याचे दिवस नाहीत, मग मशीन कशाला? तर बांधावरच्या गारगोट्या दळायला. 'गारगोटीतलं सोनं घरच्या घरी' हा व्हिडिओ त्याच्यापर्यंत पोचला होता. तोच मला आधी तिघांनी पाठवला होता, तेव्हा हसून सोडला. आता ओसरीवर दोन पोती जमलीत म्हटल्यावर हसू येईना. मी सोन्याच्या खाणीतल्या दगड दळायच्या मिलवर अकरा वर्षं काढलीत, म्हणून लिहितोय.

व्हिडिओतलं एकेक वाक्य घेतो. सगळ्यात आधी हे: "पाणी घालू नका, ओल्यात सोनं वाहून जातं, कोरडंच दळा." हे सांगणाऱ्याला गुजरातेत गोध्र्याला नेऊन उभं करायला हवं. तिथल्या कारखान्यांत गारगोटी कोरडी दळायचे. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूरकडचे आदिवासी मजूर पोती भरायचे, आणि तीच पूड छातीत घेऊन घरी परतायचे. सिलिकोसिसने, म्हणजे या पुडीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने, मेलेल्या २३८ जणांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख द्या, अशी शिफारस राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली केली. ते पैसे द्या, असा आदेश शेवटी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला दिला, तोही २०१६ मध्ये. गारगोटी ठिसूळ असते. ती फुटते तेव्हा दहा मायक्रॉनखालचे, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान कण उडतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाला जुमानत नाहीत. फुप्फुसात एकदा जखम धरली की ती मागे फिरत नाही, त्यावर औषध नाही. आमच्या मिलमध्ये दळण पाण्यातच चालायचं. आणि व्हिडिओतला गडी हे अंगणात करतोय, मागे पोरं खेळताहेत!

"दगड जितका कठीण तितका धातू जास्त." काहीतरीच. खनिजांच्या कठीणपणाच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर गारगोटीचा कठीणपणा ७, सोन्याचा जेमतेम ३. गॅलिना या खनिजात ८६ टक्के शिसं असतं, पण त्याचा कठीणपणा २.५, म्हणजे नखाइतका. शिवाय कठीण आणि चिवट या गोष्टी वेगळ्या. आपल्या काळ्या पत्थरावर गारगोटीने ओरखडा उठतो, पण दळायला काळा पत्थरच जास्त वीज खातो. आणि त्याच काळ्या पत्थराच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोट्या महाराष्ट्रभर पडल्यात. त्यांत सोनं शोधणं म्हणजे नारळात पेरू शोधणं.

"जितकं बारीक तितकं सोनं जास्त." यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. कण दगडातून सुटा व्हायला हवा, तेवढं दळावंच लागतं. पण पुढे? दगड दळायला किती वीज लागेल ते सांगणारं, फ्रेड बाँडने १९५२ मध्ये मांडलेलं सूत्र आम्ही रोज वापरायचो. त्यात दगड दळायला किती जड हे सांगणारा एक आकडा असतो; गारगोटीचा तो १३ धरला, तर अडीच मिलिमीटरवरून ०.१ मिलिमीटरवर यायला टनाला सुमारे साडेदहा युनिट वीज लागते. तिथून ०.०२५ वर जायला आणखी १३, प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. आणि सोनं मिरचीसारखं दळलं जातच नाही. एकदा मी मिलमधून निघालेला कण ऐरणीवर ठेवून हातोडी मारली. त्याचे पोहे झाले, पूड नाही. शेजारी पिवळा, चकाकणारा पायराइट, म्हणजे सोन्यासारखं दिसणारं लोखंड-गंधकाचं खनिज, ठेवला होता, त्याची काळी भुकटी झाली. ज्याला फसायचं नाही त्याला एवढी परीक्षा पुरे. पण हे पोहे जास्त वेळ कुटले की त्यांत गारगोटीचे कण रुतून बसतात, पातळ पापुद्रे पाण्यावर तरंगतात, काही लायनरच्या, म्हणजे मिलच्या आतल्या अस्तराच्या, फटींत जाऊन बसतात. लायनर बदलायच्या दिवशी आम्ही तिथली माती जपून गोळा करायचो, ती उगीच नाही.

"आधी भाजा, मग पाण्यात टाका." हे बरोबर आहे, दगड तडकतो. पण दगडात आर्सेनिकचं खनिज असेल तर त्याचा धूर कुणाच्या नाकात जाणार? सोनं धरायला पारा वापरा असंही त्यात सांगितलंय, त्याबद्दल तर बोलतच नाही. तो चुलीवर उडवायला सांगणाऱ्याचा नंबर पोलिसांना द्यावा.

मेहुण्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग निदान मशीन भाड्यानं देणाऱ्या काकूंना विचारू का?" म्हटलं, विचार, आणि त्याच मशीनमध्ये पुढच्या महिन्यात तुझ्या आईचं तिखट कांडायचंय हेही त्यांना सांग. त्या दिवसापासून पोती ओसरीवरच आहेत.