ड्राइव्ह लावला म्हणून दहाची मोटार पंधराची होत नाही

"जुन्या मोटारीला ड्राइव्ह लावा, ५० चे ७५ हर्ट्झ करा, दीडपट दळण, अर्धं बिल!" हा मेसेज लांज्याला आमच्या मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी गिरणीसाठी कोटेशनही मागवलं. ड्राइव्ह म्हणजे मोटारीला जाणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी बदलून तिचा वेग बदलणारं यंत्र. म्हणून हे लिहितोय.

मामांच्या मोटारीवरची पाटी वाचा: १० एचपी, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम. ५० च्या वर फ्रिक्वेन्सी वाढवता येते, व्होल्टेज नाही. लाइनला आहे त्याहून जास्त ड्राइव्ह आणणार कुठून? मग मोटारीतलं चुंबकीय क्षेत्र पडतं. ७५ ला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दोन तृतीयांश उरतो, आणि लोडखाली थांबण्याआधी मोटार काढते तो कमाल जोर ४४ टक्क्यांवर येतो. वेग दीडपट, जोर दोन तृतीयांश, म्हणजे एचपी दहाच. त्यात संध्याकाळी आमच्याकडे लाइन ३८० वर येते, तेव्हा ही घसरण ४६ हर्ट्झलाच सुरू होणार.

"ड्राइव्ह वेक्टर मोडवर टाका, टॉर्क परत येतो" असं कोणी सांगितलं, तर ते धादांत खोटं. फेलिक्स ब्लाश्के यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेली ही पद्धत करंटचे दोन भाग धरते: एक क्षेत्र उभं करणारा, दुसरा जोर देणारा. वरच्या वेगाला पहिला भाग ती मोजून कमी करते, त्यामुळे हाती असलेल्या व्होल्टेजमधून जास्तीत जास्त टॉर्क निघतो आणि अचानक लोड आला तरी मोटार सावरते. हा फायदा खरा. पण व्होल्टेजची मर्यादा तिथेच राहते. ड्राइव्हमधली 'टॉर्क बूस्ट' ही सेटिंग तर सुरुवातीच्या कमी वेगासाठी असते. ७५ ला तिचा काही उपयोग नाही.

मला खरी भीती दगडाची आहे. दीडपट वेगाला दगड फाडू पाहणारा ताण सव्वादोनपट होतो. बारीक तडा असलेला दगड त्या वेगात फुटला तर? चक्कीसमोर डबे घेऊन बायका-पोरं उभी असतात. मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही.

बिल कमी होतं ते पंखा-पंपाचा वेग कमी केल्यावर. ८० टक्के वेगाला वीज जवळपास निम्मी लागते. गिरणीला हे लागू नाही.

एक मान्य करतो. स्टार आणि डेल्टा या मोटारीची वायंडिंग जोडण्याच्या दोन पद्धती. ४१५ वर स्टारमध्ये चालणारी छोटी मोटार डेल्टात जोडली, तर ८७ हर्ट्झपर्यंत पूर्ण टॉर्क देते. ड्राइव्ह मात्र तेवढा मोठा लागतो. मामांची मोटार आधीच डेल्टात आहे.

मामा, ड्राइव्ह घ्यायचाच तर चालू करतानाचा झटका कमी करायला घ्या, आणि कमाल फ्रिक्वेन्सी ५० वरच ठेवा. दळण कमी पडत असेल तर मोठी चक्की आणि पंधराची मोटार यांचा हिशेब मी काढून देतो.