पहिली मोटार कुणाची? कट्ट्यावरचा वाद

विषय मास्तरांनी काढला. "पहिली मोटार जर्मनीच्या कार्ल बेन्झची म्हणतात, ती कशी? फ्रान्समध्ये क्यूनोने १७६९ सालीच वाफेची गाडी चालवली. तोफा ओढायला!"

"आणि दर थोड्या वेळाने वाफ धरायला थांबवली," मिस्त्री म्हणाला. त्याची हयात गॅरेजात गेलेली. "माझं मत जर्मनीतल्याच डाइमलर आणि मायबाख या जोडीला. त्यांचं इंजिन हलकं आणि जोरात फिरणारं. पुढे चाललं तेच."

वकिलाला कागद लागतो. "२९ जानेवारी १८८६, जर्मन पेटंट क्रमांक ३७४३५. बेन्झ. तीन चाकं, एक सिलिंडर, ताकद एक अश्वशक्तीसुद्धा नाही. पण गाडी आणि इंजिन एकमेकांसाठी घडवलेलं. डाइमलरने त्याच वर्षी तयार घोडागाडीत इंजिन बसवलं."

मला यातलं कुणीच पटेना. पेटंट मिळालं, पण गिऱ्हाईक कुठे होतं? ऑगस्ट १८८८ मध्ये बेन्झची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. नवऱ्याला न विचारता. अंतर शंभर किलोमीटरच्या वर, रस्ते बैलगाडी-घोडागाडीचे. इंधन संपत आलं तेव्हा वाटेतल्या वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. डाग काढायला वापरायचे ते द्रावण.

"इंधनाची नळी तुंबली असणार," मिस्त्री मध्येच म्हणाला.

तुंबलीच. तिने टोपीची पिन घालून मोकळी केली. वायरचं आवरण झिजलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तर चांभाराकडून त्यांवर चामडं मारून घेतलं.

"म्हणजे ब्रेकचं लायनर!" मिस्त्री सरसावून बसला. "आणि चढाला?"

चढाला मुलांनी ढकलली. घरी परतल्यावर तिने सगळं नवऱ्याला सांगितलं आणि बेन्झने चढासाठी आणखी एक गिअर घातला.

वकील म्हणाला, "ही चाचणी झाली, शोध नव्हे."

मी तापलोच. लग्नाआधी तिने हुंड्याची रक्कम उचलून त्याचा कारखाना वाचवला नसता, तर तुझं पेटंट कुठून आलं असतं? आणि रस्त्यावर बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करणं हा मोटारीचा अर्धा शोध नाही का?

मास्तर अजून क्यूनोवर अडून आहेत. वकीलही हटलेला नाही. मिस्त्रीने मात्र डाइमलर सोडला. त्याचं म्हणणं, ब्रेकचं चामडं ज्याला सुचलं त्याला गाडी कळली होती.