‘एक बरोबर, दुसरे चूक’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

स. न.

स्कॉटलंडमधील ग्लासगोचा नवरा आणि न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चची बायको यांच्या घरातील उच्चारभेदांवर मी लिहिलेल्या लेखाची आपण दखल घेतलीत, याबद्दल प्रथम आभार मानते. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की मी एकाच जोडप्यावरून निष्कर्ष काढला, इंग्लंडमधील ‘र’विषयी सरसकट विधान केले आणि घरगुती थट्टेचा बाऊ केला. शेवटचे वाक्य मात्र आपल्याच शब्दांत द्यायला हवे : ‘दोघांपैकी कोणाचा उच्चार बरोबर हे शब्दकोश उघडून ठरवता येते; मराठी शाळेत शिकलेल्या बाईंनी गोऱ्यांच्या घरात न्यायनिवाडा करू नये.’

‘र’बद्दलची आपली दुरुस्ती योग्य आहे. स्वरानंतरचा ‘र’ (‘कार’मधला, उदाहरणार्थ) इंग्लंडमध्ये गळतो असे मी लिहिले होते. डेव्हन-कॉर्नवॉलच्या बाजूला आणि लँकेशायरच्या काही भागांत तो अजून ऐकू येतो, त्यामुळे तिथे ‘बहुतेक इंग्लंडमध्ये’ असे वाचावे. दोघांपैकी कोणाचाच उच्चार चूक नाही, या लेखाच्या मुख्य म्हणण्याला त्याने काही बाधा येत नाही.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते. ते मी अनेकदा वाचले आणि प्रत्येक वेळी त्यातील मुद्द्याच्या आधी त्याचा सूरच कानावर आला. एखादे विधान चुकीचे आहे हे सांगायला लिहिणाऱ्याची शाळा काढावी लागते का? शिवाय ‘बाईंनी’ हा शब्द आपण आदराने वापरला आहे असे मानायला मी तयार होते, पण त्याच्या पुढे जे आले त्यानंतर तसे मानणे कठीण आहे. माझ्या लेखात एकही वाक्य कोणाला कमी लेखणारे नव्हते. मतभेद मला मान्य आहेत. ही भाषा मान्य नाही.

शाळेचा विषय आपणच काढला आहे, तर त्याचेही उत्तर देते. मी माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. पुढे पुण्याला महाविद्यालयात गेल्यावर माझ्या ‘पानी’ आणि ‘आनि’ला वर्ग हसला, शिकवणारे प्राध्यापकही हसले, आणि त्या वर्षभरात वर्गात हात वर करणे मी सोडून दिले. माझे मराठी कोणाला कळत नव्हते असे मुळीच नाही. सर्वांना सर्व कळत होते. ‘न’ आणि ‘ण’ यांच्या आडून मी कुठून आले आणि कोणाच्या घरची, हे तपासले जात होते, आणि महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागू नये. नंतर मी हैदराबादला इंग्रजी ध्वनिशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले, इंग्रजी शिकवले, आणि आता क्राइस्टचर्चमध्ये राहते. ज्या घराविषयी लिहिले ते माझ्या शेजारचे आहे, आणि लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी दोघांचीही परवानगी घेतली होती. या सगळ्यानंतरही मला बोलण्याचा अधिकार नसेल, तर तो कोणाला आहे हे आपण सांगावे.

शब्दकोशाचे म्हणाल, तर कोणता शब्दकोश? ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश 1917 साली निघाला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानला गेला. आपण कोणाचे उच्चार नोंदवले हे त्यांनी लपवले नव्हते : दक्षिण इंग्लंडमधील ज्या कुटुंबांतील पुरुष तिथल्या महागड्या निवासी शाळांत शिकले, त्या कुटुंबांचे. त्यात ग्लासगो नाही आणि क्राइस्टचर्चही नाही. आपण सुचवलेल्या मार्गाने गेल्यास शेजारच्या घरातले दोघेही चूक ठरतात, आणि ज्या वादात न्याय द्यायचा त्यातले दोन्ही पक्ष चूक ठरवणारा कोश तिथे निरुपयोगी आहे.

दोघांच्या बोलण्यात नेमके काय घडते हे मी लेखात लिहिले होते; आपण ते वाचले असावे अशी आशा आहे, तरी पुन्हा लिहिते. न्यूझीलंडच्या इंग्रजीत आखूड स्वरांची ओळच्या ओळ सरकली आहे. ‘पॅन’मधला स्वर ‘पेन’च्या जवळ गेला, ‘पेन’मधला ‘पिन’च्या जवळ, आणि ‘पिन’मधला मागे सरकून ‘अ’सारखा झाला. म्हणून तिचे ‘डेस्क’ त्याला ‘डिस्क’ ऐकू येते. परंतु तिच्या तोंडी हे तीन स्वर तीनच राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत. गोंधळ होतो तो ऐकणाऱ्या परक्या कानात. ‘बिअर’ आणि ‘बेअर’ मात्र तिच्याकडे खरोखर एक झाले आहेत आणि तो ते स्पष्ट वेगळे ठेवतो. उलट बाजूने पाहा : पोहण्याचा ‘पूल’ आणि ओढण्याचा ‘पुल’ त्याच्या तोंडी सारखेच येतात, आणि ती ते बिनचूक वेगळे म्हणते. एकाकडे जो भेद आहे तो दुसऱ्याकडे नाही आणि दुसऱ्याकडचा पहिल्याकडे नाही, ही दोन स्वतंत्र व्यवस्थांची लक्षणे आहेत. यातली कोणती बरोबर, हे आपण कोणत्या ध्वनीवरून ठरवणार आहात?

‘र’ची गोष्ट तर याहून बोलकी आहे. लंडनमध्ये अठराव्या शतकात स्वरानंतरचा ‘र’ क्षीण होत गेला आणि पुढे तो न उच्चारणे हेच इंग्लंडमध्ये सुशिक्षितपणाचे चिन्ह बनले. न्यूयॉर्कमध्ये मात्र अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी दुकानांतील विक्रेत्यांना ‘फोर्थ फ्लोअर’ म्हणायला लावून नोंदी केल्या (1966 साली त्या प्रसिद्ध झाल्या), तेव्हा सर्वांत महागड्या दुकानात ‘र’ सर्वाधिक आढळला आणि स्वस्त दुकानात सर्वांत कमी. एकाच ध्वनीला एका शहरात प्रतिष्ठा आहे आणि दुसऱ्या शहरात त्याच्या अभावाला आहे. खुद्द न्यूझीलंडमध्ये 1946 ते 1948 या काळात फिरत्या पथकाने वृद्धांची जी ध्वनिमुद्रणे केली, त्यांत तिथेच वाढलेल्या अनेकांच्या बोलण्यात हा ‘र’ अधूनमधून येतो. म्हणजे त्याच्या तोंडी असलेल्या आणि तिच्या तोंडी नसलेल्या ज्या ‘र’वरून आज त्या घरात एकमेकांना टोकले जाते, तो तिच्या देशातही एके काळी होता. आणि तिथलेच शाळा-तपासनीस विसाव्या शतकाच्या आरंभी मुलांच्या उच्चारांवर ज्या तक्रारी करत, त्यांचा सूर आपल्या प्रतिक्रियेच्या सुरापेक्षा फारसा वेगळा नव्हता.

थट्टेबद्दल. आपण लिहिता की नवरा-बायकोत एवढे चालायचेच. चालते, जोपर्यंत दोघेही हसत असतात. लेखात मी ज्या प्रसंगाविषयी लिहिले त्यात पाहुण्यांसमोर तिचा शब्द त्याने तिच्याच चालीत तीन-चार वेळा म्हणून दाखवला, सगळे हसले, आणि तेव्हापासून ग्लासगोला सासूशी फोनवर बोलताना ती आपली वाक्ये आखूड करू लागली, पुढे फोन त्याच्याकडेच देऊ लागली. एरवी एकत्र राहणारी माणसे नकळत एकमेकांच्या उच्चारांकडे सरकत असतात. समाज-मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड जाइल्स यांनी 1970 च्या दशकापासून याचा अभ्यास मांडला आहे आणि शेजारच्या घरातही ते मला ऐकू येते, कारण त्याचे काही स्वर आता स्पष्टपणे इथले झाले आहेत. जिथे सरकणे एकाच बाजूने हुकुमावरून व्हायला लागते, तिथे दुसरी व्यक्ती बोलणेच कमी करते. याला बाऊ म्हणणाऱ्यांवर कधी वर्ग हसलेला नसावा.

एका जोडप्यावरून निष्कर्ष काढल्याच्या आक्षेपावर फार लिहिण्याची गरज वाटत नाही. मी सर्वेक्षण केलेले नव्हते आणि तसा दावाही केला नव्हता. लेख फार लांबला असे आपल्याला वाटले असेल, तर तो पूर्ण वाचण्याची सक्ती नव्हती.

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला साउथलंडमध्ये, जिथे स्कॉटलंडहून आलेल्या वसाहतकारांची दाट वस्ती झाली, हा ‘र’ आजही टिकून आहे; पुढचा लेख त्यावर असेल. आपण त्यावरही जरूर लिहावे, मात्र आक्षेप ध्वनींवर असावा. माझ्या शाळेवर पुन्हा टिप्पणी आली तर ती मी प्रसिद्ध करणार नाही.