स्टुपिड मोड = 1

"मामा, पाच मिनिटांचं काम आहे," या वाक्यावर विश्वास ठेवण्याचं माझं वय राहिलं नव्हतं. तरी ठेवला.

आमच्या कॉम्प्युटरवर तेव्हा विंडोज एक्सपी होतं आणि त्यात इतके व्हायरस शिरले होते, की माऊस हलवला तरी बाण जरा विचार करून मगच निघायचा. 2010 च्या संक्रांतीला भाचा पुण्याहून आला, त्यानं हा बाण पाहिला आणि बॅगेतून एक सीडी काढली. उबुंटू, म्हणजे विंडोजच्या जागी बसवायच्या लिनक्सचा एक अवतार. वर 9.10 लिहिलेलं. मला वाटलं, किंमत असेल. तो म्हणाला, "नाही हो मामा, 2009 चा दहावा महिना. दर सहा महिन्यांनी नवं निघतं." तिळगूळ घेऊन तो परतीच्या एसटीत बसला आणि सीडी माझ्याकडे राहिली.

खरं सांगायचं तर लिनक्स बसवण्याचा त्रास काडीचाही झाला नाही. घड्याळ लावायला शहर विचारलं, सातारा यादीत नव्हता, मुंबईही नव्हती, म्हणून निमूट कोलकात्याचा झालो. पुढे विचारलं, सगळी डिस्क वापरू का? दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हटलं, वापरा की! अर्ध्या तासात विंडोज होतं की नव्हतं झालं आणि समोर तपकिरी रंगाचा शांत पडदा आला. परतीचा दोर मी स्वतःच्या हातानं कापला होता, पण हे कळायला अजून दहा मिनिटं होती.

दहा मिनिटांनी मी इंटरनेटचं डोंगल, म्हणजे मोबाईल कंपनीची नेट देणारी यूएसबी कांडी, खोचलं. पडद्यावर सीडीचं चित्र आलं. डोंगल काढलं, फुंकर मारली, परत खोचलं. परत सीडी. उघडून पाहिली तर आत सेटअप डॉट ईएक्सई, म्हणजे विंडोजचा माल.

यातली गोम अशी. या डोंगलच्या पोटात थोडी मेमरी असते आणि तिच्यात विंडोजचे ड्रायव्हर भरून दिलेले असतात. खोचलं की ते आधी सांगतं, मी सीडी ड्राईव्ह. विंडोज ती सीडी उघडतं, ड्रायव्हर बसवतं आणि मग तो ड्रायव्हर त्याच्या कानात सांगतो, आता वेष उतरव, मोडेम हो. आमच्या लिनक्सला हा कानमंत्र ठाऊक नव्हता. सीडी म्हणालास ना, मग सीडी. वेष आणि नावं बदलणं साताऱ्याला नवं नाही; डोक्यावरच्या अजिंक्यताऱ्यालाही 1700 साली मुघलांनी घेतल्यावर आझमतारा म्हणवून घ्यावं लागलं होतं. पण त्याला चार महिने वेढा पडला होता. डोंगलवर कुणाची जबरदस्ती होती?

भाच्याला फोन लावला.

"मोडस्विच टाका, मामा, ते डोंगलला मोडेम बनवतं. आणि नेट जोडायला वीव्हीडायल."

"कुठून?"

"नेटवरून."

मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही. मग म्हणाला, "हां."

इथं सांगायला हवं, की घरात नेटची घाई मला नव्हती, बायकोला होती. कराडच्या मेव्हणीच्या मुलीसाठी स्थळ आलं होतं आणि मुलाची माहिती ईमेलनं आली होती. "कॅफेत जाऊन बघून या की," बायको म्हणाली. घरात नेट असताना पंधरा रुपये मोजून चार लोकांत स्थळ बघायचं? मी बाणेदारपणे नकार दिला आणि पेनड्राईव्ह घेऊन त्याच कॅफेत गेलो.

कॅफे राजवाड्याजवळ, आम्ही शाहूपुरीत. पहिल्या खेपेला वीव्हीडायल आणलं. ते म्हणालं, मला लागणारी लिबयुनिकॉन्फ नावाची फाईल कुठंय? दुसऱ्या खेपेला लिबयुनिकॉन्फ आणलं. त्यानं लिबडब्ल्यूव्हीस्ट्रीम्स मागितलं. रहिवासी दाखल्याला रेशनकार्ड, रेशनकार्डाला रहिवासी दाखला, हा खेळ मी आजवर फक्त खिडकीसमोर उभा राहून खेळलो होतो. आता घरबसल्या खेळत होतो. तिसऱ्या खेपेला कळलं की आणलंय ते 64 बिटचं आणि आपलं यंत्र 32 चं. बरोबर फाईल घेऊन आलो तर लोडशेडिंग. कॅफेतल्या पोराला माझी दया यायला लागली होती. "काका, ह्या फायली उघडंनात ओ, खराब हायत जणू," असं तो दर वेळी सांगायचा. रिकाम्या हातानं परत आलो असं वाटू नये म्हणून मी येताना मोती चौकातून पाव किलो कंदी पेढे आणायचो. नेट लागायच्या आधी माझी साखर वाढली.

तिसऱ्या रविवारी भाचा फोनवर सहज म्हणाला, "मामा, त्या सीडीच्या चित्रावर राइट क्लिक करून इजेक्ट करून बघितलं का? काही डोंगल तेवढ्यावरच ऐकतात."

तीन रविवार. सव्वा किलो पेढे.

इजेक्ट केलं. डोंगलचा दिवा विझला. मी श्वास रोखून बसलो. चार-पाच सेकंदांनी दिवा पुन्हा लुकलुकला. हुकूम लिहायच्या काळ्या खिडकीत एलएसयूएसबी टाईप केलं, म्हणजे यूएसबीला काय काय खोचलंय त्याची यादी येते. सकाळी मी या यादीतली डोंगलची ओळ एका बिलाच्या पाठीमागे उतरवून ठेवली होती: चार अक्षरं-आकडे, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग आणखी चार. आता टिंबांच्या आधीचे चार तेच होते, पुढचे चार बदलले होते. आडनाव तेच, नाव नवं. सासरी आलेल्या मुलीच्या नेमकं उलट! आणि पाठोपाठ मोडेमशी बोलायची टीटीवाययूएसबी शून्य, एक, दोन अशी तीन दारंही उघडली.

उरली वीव्हीडायलची कॉन्फ फाईल, म्हणजे जोडणी कशी करायची ते त्याला लिहून देणं. भाचा फोनवर सांगत होता, मी एका बोटानं लिहीत होतो. फोन नंबर: स्टार नव्याण्णव हॅश. युजरनेम आणि पासवर्ड मोबाईल कंपनीला नको असतात, पण ते रिकामे सोडले तर वीव्हीडायल अडून बसतं. मी दोन्हीकडे 'पेढा' लिहिलं. चाललं.

"आता लिहा, स्टुपिड मोड इज इक्वल टू एक."

"मस्करी करू नकोस."

"खरंच आहे, मामा!"

खरंच होतं. वीव्हीडायल मुळात हुशार. पलीकडचा काय विचारतोय ते वाचून अंदाज बांधत बसतं. एक लिहिलं की ही हुशारी बंद, जोडणी लागताक्षणी मुकाट पुढचं काम सुरू. मी तीन रविवार शून्यावर चालत होतो.

एंटर मारलं. 'कॅरिअर डिटेक्टेड' आलं, आयपीचे आकडे आले, डीएनएसचे आले. "अगं, लागलं!" म्हणून मी ओरडलो. या ओळी भाच्याला पाठवाव्यात म्हणून माउसनं रंगवल्या आणि कॉपी करायला कंट्रोल-सी दाबलं. काळ्या खिडकीत कंट्रोल-सी म्हणजे कॉपी नव्हे, मुंडी पिरगाळणं. 'अटेम्प्टिंग टू एग्झिट ग्रेसफुली' अशी ओळ उमटली आणि नेट गेलं. माझ्या तोंडून जे निघालं ते ग्रेसफुली नव्हतं.

पुन्हा लावलं. पदराला हात पुसत बायको शेजारी येऊन बसली. मेल उघडली. फोटो नव्हता, माहितीची फाईल होती. ती ओपन ऑफिसमध्ये उघडली आणि आम्ही दोघं बघत राहिलो. पाठवणाऱ्यानं मराठी कुठल्यातरी जुन्या फॉन्टात टाईप केलं होतं, तो फॉन्ट आमच्या यंत्रात नव्हता. पानभर टोप्या घातलेले इंग्रजी ए, शेपट्या फुटलेले सी आणि मधूनच पौंडाचं चिन्ह. आकडे तेवढे आकडे राहिले होते. 4 आणि 35 दिसत होतं, म्हणजे जन्मवेळ. पहाटेचे की दुपारचे ते टोप्यांखाली. 5 आणि 7, ही उंची.

बायकोचं बोट पडद्यावरून हळूहळू खाली गेलं आणि स्वल्पविराम असलेल्या एका आकड्यावर थांबलं.

"अहो, पगार असेल का हा?"

"असावा."

"बराय की." आणि ती बहिणीला फोन करायला उठली.

फॉन्ट कॅफेत मिळणार होता. मी पेनड्राईव्ह खिशात टाकला, चपला घातल्या.

"येताना पेढे नकोत," आतून आवाज आला.