‘नॉर्मंडीत आपलं कोण मेलं होतं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या दफनभूमींवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “नॉर्मंडीत आपलं कोण मेलं होतं? युरो मोजून परक्यांच्या थडग्यांपुढे डोळे पुसायची ही नवी फॅशन. पुण्यात राहून खडकीला कधी गेलात का? ला कांबला तर एसएसवाल्यांपुढेही मान झुकवलीत. आणि त्याच काळात बंगालमध्ये माणसं उपाशी मरत होती.” (इतर वाचकांसाठी : खडकीला महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे, ला कांब ही नॉर्मंडीतली जर्मन सैनिकांची दफनभूमी, आणि एसएस म्हणजे हिटलरच्या नाझी पक्षाचं सशस्त्र दल.) शिवाय फोटो फार झाले, असंही.

फोटोंचं मान्य. आरोमांशच्या किनाऱ्यावरचे बरेचसे एकसारखे होते, ते कमी केलेत.

बाकीच्याकडे वळण्याआधी तुमच्या भाषेबद्दल बोलते. मतभेदाचं मला वावडं नाही, या ब्लॉगवर आजवर भरपूर वाद झालेत. पण समोरच्या बाईच्या घरात काय घडलंय याचा पत्ता नसताना ‘डोळे पुसायची फॅशन’ लिहून मोकळं व्हायचं, याला स्पष्टवक्तेपणा म्हणत नाहीत. माझ्या घरी चहाला बसला असतात तर हे तोंडावर म्हणाला असतात का? टोपणनाव घेतलं की जीभ सैल सोडायची मुभा मिळते, असं समजू नका.

आता तुमचा प्रश्न. आपलं कोण मेलं होतं?

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ मराठा पलटणीत होते. १९४४ च्या उन्हाळ्यात इटलीत लढताना मारले गेले. देह सापडला नाही. गावी तार आली आणि त्या कागदावर विश्वास ठेवून त्यांच्या बायकोने, आमच्या थोरल्या आजींनी, कुंकू पुसलं. वीस वर्षांच्याही नव्हत्या. पेन्शन आणायला तालुक्याला जायच्या, अंगठा उठवायच्या आणि त्या दिवशी घरात कुणाशी बोलायच्या नाहीत. पितृपक्षात घातचतुर्दशीला थोरल्या आजोबांचं पान वाढलं जायचं. ना राख, ना अस्थी, जाऊन हात टेकवावा अशी जागाही नाही. हे मी लहानपणापासून बघितलंय. तुम्ही मला युद्धात गेलेल्या माणसांबद्दल शिकवू नका.

थोरल्या आजोबांचं नाव इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर आहे. इटलीच्या मोहिमेत गेलेल्या, पण ज्यांची कबर कुठे आहे ते माहीत नाही, अशा राष्ट्रकुलाच्या (म्हणजे ब्रिटन आणि त्याच्या तेव्हाच्या साम्राज्यातल्या देशांच्या) चार हजारांवर सैनिकांची नावं तिथे कोरलीत. त्यांत नाईक यशवंत घाडगे आहेत, रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. बरोबरचे सगळे मेले किंवा जखमी होऊन पडले, तेव्हा हे एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली. टॉमीगनचं, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनचं, मॅगझिन संपलं. बदलायला वेळ नव्हता, म्हणून नळी हातात धरून तिच्याच दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, कबर नाही.

तर आपली माणसं तिथे मेली होती. नॉर्मंडीत नाही, इटलीत. तुम्ही म्हणाल, मग नॉर्मंडीला कशाला गेलात?

नॉर्मंडीत कोलव्हिलच्या अमेरिकन दफनभूमीत ९,३०० हून जास्त कबरी आहेत, खाली ओमाहाचा किनारा दिसतो, अमेरिकन सैनिक युद्धात जिथे उतरले तोच. पांढऱ्या संगमरवरावर कोरलेली नावं फोटोत नीट उठत नाहीत. म्हणून नातेवाईक आले की तिथला कर्मचारी ओमाहाची ओली वाळू घेऊन येतो, नावावर चोळतो आणि वरची पुसून घेतो. खाचांत वाळू राहते, नाव सोनेरी उमटतं. पाऊस पडला की धुऊन जातं. मी बघितलं तेव्हा एक म्हातारे गृहस्थ लेकीचा हात धरून उभे होते. त्यांनी वाकून पहिलं अक्षर बोटाने गिरवलं, परत गिरवलं. मला थोरल्या आजी आठवल्या आणि रडू आलं. त्या गृहस्थांचा हेवाही वाटला. तुम्ही ज्याला फॅशन म्हणता ते हे आहे. दुसऱ्याच्या घरातलं दुःख बघून आपलं आठवलं, तर त्यासाठी कुणाची परवानगी लागते?

खडकीला मी शाळेत असल्यापासून जाते. पण खडकीचा दाखला तुमच्याच अंगावर उलटतो. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत आणि त्यांतले बहुतेक ब्रिटिश. म्हणजे परक्यांची थडगी पुण्यात असली तर चालतात, फ्रान्समध्ये असली तर चालत नाहीत?

ला कांबबद्दल एवढंच : नॉर्मंडीतल्याच बायोच्या ब्रिटिश दफनभूमीतही ४,१४४ राष्ट्रकुल सैनिकांच्या जोडीला पाचशेहून जास्त इतर आहेत, त्यांत बहुतेक जर्मन. ज्यांनी त्यांच्याशी युद्ध केलं त्यांना ते शेजारी चालले, मला का चालू नयेत? बंगालच्या दुष्काळावर लिहायचं तर वेगळा लेख हवा. इथे त्यात शिरत नाही. युरो माझे होते.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पण पुढची याच सुरात आली तर उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

खाली एका ताईंनी विचारलंय, पणजोबांचं नाव कसं शोधायचं. ताई, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही राष्ट्रकुलाच्या युद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरींची आणि नावांची नोंद ठेवणारी संस्था आहे, तिच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. आडनाव टाकून काही आलं नाही तर निराश होऊ नका, त्या वेळच्या कारकुनांनी कानावर पडेल तसं लिहिलंय, कधी नुसतं पहिलंच नाव आहे. पलटणीचं नाव आणि साल टाकून बघा. घरी पेन्शनचा जुना कागद असेल तर त्यावरचा सैनिक क्रमांक सगळ्यात कामाचा. नोंदीत पुष्कळदा वडिलांचं, बायकोचं आणि गावाचंही नाव असतं, त्यावरून खात्री होते. अडलं तर मला मेल करा, आपण दोघी मिळून शोधू.